कॉलेजचा क्वार्टरबॅक पारखताना मी काय बघतो

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात टचडाउनचा (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवण्याचा) पाऊस पाडणारे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे आणि चेंडू फेकणारे खेळाडू, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर असे का गळपटतात, खेळाडू पारखणारी स्काउट मंडळी त्यांच्यात नेमकं काय बघतात, आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) सी. जे. स्ट्राउड समोर असताना कॅरोलायना पँथर्सनी ब्राइस यंगला पहिल्या क्रमांकावर का उचललं? कॉलेजच्या सामन्यांची फिल्म बघून क्वार्टरबॅकवर अहवाल लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी गाभ्याचं सांगतो. क्वार्टरबॅकने काय केलं हे बघण्याआधी, ते करताना त्याला किती अडचण होती हे मोजायला हवं. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये चांगल्या संघाच्या क्वार्टरबॅकला बऱ्याच वेळा अडचणच येत नाही. समोरचा दबाव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, पहिलाच रिसीव्हर (फेक झेलणारा खेळाडू) मोकळा सापडतो आणि कोचने आखलेलं जसंच्या तसं घडतं. पाटा खेळपट्टीवर रणजीत काढलेल्या द्विशतकावरून कसोटी संघ निवडायचा नसतो, हे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहेच. इथेही तेच आहे, फक्त इथे एकाच माणसाच्या डावात पाटा चेंडू आणि अवघड चेंडू एकत्र मिसळलेले असतात आणि ते एकेक करून वेगळे काढावे लागतात.

पाटा चेंडू कुठून येतात ते समजून घ्यायला कॉलेजचे नियम बघा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, 160 फूट. पण प्रत्येक चाल सुरू करताना चेंडू हॅश मार्क नावाच्या दोन खुणांच्या रांगांच्या दरम्यान ठेवतात, आणि कॉलेजात या दोन हॅश मार्कमधलं अंतर 40 फूट असतं आणि एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर ठेवला की उजव्या अंगाला 100 फूट मैदान उरतं. तेवढं सांभाळायला बचावाला माणसं आधीच तिकडे पाठवावी लागतात आणि त्यांचा बेत स्नॅपच्या (चेंडू क्वार्टरबॅककडे देऊन चाल सुरू करण्याच्या) आधीच बराचसा उघडा पडतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळपास मधोमध असतो, त्यामुळे बचाव एक रचना दाखवून स्नॅपनंतर दुसरीच खेळतो. स्नॅपआधी दोन सेफ्टी (बचावातले सर्वांत मागचे खेळाडू) मागे उभे दिसतात. चेंडू हातात आल्यावर त्यातला एक धावत पुढे येतो आणि ज्या खिडकीत चेंडू टाकायचा असतो नेमका तिथेच जाऊन उभा राहतो.

दुसरा नियम ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंचा. फेकीच्या प्लेमध्ये (प्ले म्हणजे एक चाल) कॉलेजचे लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलचे एकच. या दोन यार्डांवर आरपीओचं (धाव की फेक हे क्वार्टरबॅकने ऐनवेळी ठरवायच्या चालीचं) केवढं तरी राज्य उभं आहे. लाइन धावेसाठी ब्लॉक करत पुढे सरकते, क्वार्टरबॅक एकाच लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे) बघतो, आणि तो धाव अडवायला पुढे आला की त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत चेंडू टाकतो. डोळ्यांना छान दिसतं, कम्प्लीशनही (झेलली गेलेली फेक) खात्यावर जमा होतं. पण त्यात क्वार्टरबॅकने वाचलेला माणूस एकच होता.

तिसरी गोष्ट साइडलाइनची. कित्येक कॉलेज संघांमध्ये सगळे खेळाडू रचना लावून उभे राहतात, मग मान वळवून कोचकडे बघतात. कोच बचाव बघून प्ले बदलतो आणि खुणा करतो. बचावाचं वाचन तिथे कोच करत असतो. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये 1994 पासून रेडिओ आहे, कॉलेजच्या सर्वांत वरच्या विभागात तो 2024 मध्ये आला. पण हा रेडिओ प्ले-क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर ब्लिट्झ (जादा माणसं पाठवून क्वार्टरबॅकवर केलेला हल्ला) कुठून येतोय हे ओळखणं, लाइनला सांगणं, प्ले बदलणं, सगळं त्या बाविशीतल्या पोराच्या डोक्यावर. कॉलेजात त्याच्याकडून हे काम किती करून घेतलं होतं, हा माझ्या अहवालातला पहिला मुद्दा असतो.

म्हणून मी फिल्म बघायला बसलो की आधी प्ले गाळतो. स्क्रीन पास (ब्लॉक करणाऱ्यांच्या आडोशाने दिलेली जवळची, सोपी फेक) बाजूला. एका माणसाला वाचून टाकलेले आरपीओ बाजूला. चार टचडाउनची आघाडी असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये काढलेले यार्ड बाजूला. पहिला रिसीव्हर पाच यार्ड मोकळा होता अशा फेकीही बाजूला, कारण त्या ड्राफ्टमध्ये येणारा प्रत्येक क्वार्टरबॅक टाकतो. मग जे उरतं ते परत परत बघतो: तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात यार्डांहून जास्त अंतर, अंगावर आलेला दबाव, पहिली वाट बंद झालेली, रेड झोनमधली (गोलरेषेजवळच्या पट्ट्यातली) दाटी. मोठ्या संघाच्या क्वार्टरबॅकचा अख्खा मोसम असा गाळला की हाती आश्चर्य वाटावं इतके थोडे प्ले राहतात. निर्णय मात्र त्यांच्यावरच घ्यायचा असतो.

त्या थोड्या प्लेंमध्ये सगळ्यात आधी पाय आणि डोळे बघायचे. चेंडू कुठे पडला ते नंतर. प्रत्येक प्लेमध्ये क्वार्टरबॅकच्या पावलांची आणि रिसीव्हरच्या मार्गांची सांगड घातलेली असते. मागे पाच पावलं, मागचा पाय रोवला की पहिला रिसीव्हर वळायला हवा. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी पुढे आणि नजर दुसऱ्याकडे, आणखी एक उडी आणि नजर तिसऱ्याकडे. चांगल्या क्वार्टरबॅकचं हेल्मेट आणि पावलं एकाच तालात वळतात. ज्याला वाचन जमत नाही त्याचे पाय आधी सांगतात: तो जागच्या जागी नाचायला लागतो, किंवा दबाव नसतानाच पॉकेट (लाइनने त्याच्याभोवती राखलेली सुरक्षित जागा) सोडून पळतो. कॉलेजात असं पळून तो 15 यार्ड काढतो आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं जातं, पण मी माझ्या वहीत तिथे उणे लिहितो, कारण दुसरा रिसीव्हर मोकळा होता आणि याने तिकडे पाहिलंच नाही.

मग वेळ. चेंडू हातातून सुटला त्या क्षणी फिल्म थांबवायची आणि रिसीव्हर कुठे आहे ते बघायचं. तो अजून वळलेलाच नसेल आणि तरी चेंडू निघाला असेल, तर हा मुलगा रिसीव्हर मोकळा होण्याची वाट बघत नाही, मोकळा होणार हे त्याला आधी दिसतं. एनएफएलमध्ये चेंडू साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत सोडावा लागतो, आणि तिथले कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारे बचावपटू) मोकळ्या रिसीव्हरपर्यंतचं अंतर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपवतात. मोकळा दिसल्यावर फेकणारा तिथे नेहमी एक पाऊल उशिरा असतो. माझ्या मते बाकी सगळ्या गुणांच्या वर हा एक गुण ठेवावा, दंडाची ताकदही त्याच्या खाली.

आता स्ट्राउड. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, 2022 च्या मोसमात 41 टचडाउन आणि 6 इंटरसेप्शन (बचावाने पकडलेल्या फेकी). रिसीव्हर म्हणाल तर आधीच्या वर्षी गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे, जे दोघे 2022 च्या ड्राफ्टमध्ये लागोपाठ दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर गेले. त्यांच्या पाठोपाठ मार्विन हॅरिसन ज्युनियर. लाइन भक्कम. त्यामुळे त्याच्यावरचा आक्षेप रास्तच होता: या मुलाचं पॉकेट कायम स्वच्छ, रिसीव्हर कायम मोकळे, आणि वेळ आली तरी हा पाय वापरत नाही. त्याच विद्यापीठातून आलेला जस्टिन फील्ड्स शिकागोत चाचपडत होता, त्याचीही सावली स्ट्राउडवर पडलेली होती.

मग 31 डिसेंबर 2022 ला अटलांटात पीच बोल झाला. उपांत्य सामना, समोर जॉर्जिया. बचाव असा की त्यातला जेलन कार्टर पुढे ड्राफ्टमध्ये नववा गेला, आणि हाच संघ पुढच्या सामन्यात टीसीयूला 65-7 असा चिरडून राष्ट्रीय विजेता ठरला. ओहायो स्टेट 42-41 असं हरलं. शेवटच्या क्षणी त्यांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून गुण मिळवण्याचा प्रयत्न) हुकला. स्ट्राउडने 34 पैकी 23 फेकी पूर्ण करून 348 यार्ड आणि 4 टचडाउन काढले, पण मला त्या आकड्यांपेक्षा वेगळं काही दिसलं. पॉकेट फुटल्यावर तो बाजूला सरकत होता आणि नजर मात्र मैदानाच्या पुढच्या टोकावर होती. पळताना खांदे फेकीच्या तयारीत होते. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी हॅरिसन जखमी होऊन बाहेर गेला, तरी खेळाची घडी मोडली नाही. शेवटच्या ड्राइव्हमध्ये (सलग चालींच्या आक्रमणात) तर त्याने स्वतः पळून संघाला फील्ड गोलच्या टप्प्यात आणलं. अख्ख्या मोसमात जे विचारलंच गेलं नव्हतं ते त्या एका रात्री सगळं विचारलं गेलं आणि त्याने उत्तर दिलं. ह्यूस्टन टेक्सन्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात 15 सामन्यांत 4,108 यार्ड, 23 टचडाउन, फक्त 5 इंटरसेप्शन, आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू हा मान.

एका सामन्यावरून माणूस ठरवावा असं मी म्हणत नाही. आधीच्या मोसमांतही त्याची वेळेची जाण आणि फेकीची अचूकता दिसत होती. शंका एकाच जागी होती आणि हा सामना नेमका त्या जागेवर येऊन पडला.

मग पँथर्सनी यंगला का घेतलं? इथे मी लोकांच्या विरुद्ध बोलणार आहे. यंगला पहिला नंबर देणं अडाणीपणाचं नव्हतं. मी वर सांगितलेली कसोटी लावली तर यंग तिच्यावर चांगला उतरत होता. 2021 ला त्याने हाइजमन ट्रॉफी (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकली तेव्हा अलाबामाचा ताफा तगडा होता. 2022 मध्ये रिसीव्हर तितके चांगले राहिले नव्हते आणि तरी टेक्ससविरुद्ध ऑस्टिनमध्ये 20-19 असा सामना त्याने शेवटच्या मिनिटांत ओढून आणला. टेनेसीकडून 52-49 असं हरताना 455 यार्ड काढले. दबावाखाली त्याचं डोकं शांत होतं, वाचन जलद होतं.

अडचण शरीराची होती. उंची पाच फूट दहा इंचांच्या किंचित वर, वजन कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) 204 पौंड. उंची कमी असली की खेळता येत नाही असं नव्हे, ड्रू ब्रीज आणि रसेल विल्सन यांनी सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकले आहेत. पण छोट्या चणीच्या क्वार्टरबॅकला लाइनच्या डोक्यावरून बघायला मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकलं की टॅकलना (लाइनच्या दोन टोकांवरच्या खेळाडूंना) ब्लॉकचा कोन सापडत नाही. लाइन कच्ची असेल तर हे दुखणं दुप्पट होतं. पँथर्सची लाइन तशीच निघाली. 2023 मध्ये यंगला 62 वेळा सॅक बसला, म्हणजे चेंडू सोडण्याआधीच त्याला पाडलं गेलं, मोसम संपायच्या आत मुख्य कोच फ्रँक राइक यांना काढलं गेलं. आणि ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर येण्यासाठी पँथर्सनी शिकागोला जे दिलं होतं त्यात त्यांचा स्वतःचा सगळ्यात चांगला रिसीव्हर डी. जे. मूर होता. नव्या क्वार्टरबॅकसाठी त्याचाच पहिला आधार विकायचा, ही माझ्या मते त्या व्यवहारातली खरी चूक. त्याच व्यवहारातला 2024 च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीच्या निवडीचा हक्क शिकागोकडे गेला आणि त्यावर त्यांनी केलेब विल्यम्स घेतला.

स्वच्छ पॉकेटचा चकवा कसा असतो याचं धडधडीत उदाहरण झॅक विल्सन. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा (बीवाययू) मुलगा, 2020 मध्ये 33 टचडाउन आणि 3 इंटरसेप्शन, 73.5 टक्के कम्प्लीशन. ते कोविडचं वर्ष. मोठ्या परिषदांमधल्या (कॉलेज संघांच्या गटांमधल्या) संघांनी बाहेरचे सामने रद्द केले आणि या संघाला मिळतील त्या संघांशी खेळावं लागलं, त्यातले बरेच कमकुवत. लाइन वयाने मोठी, दणकट. विल्सनला मागे उभं राहून वाट बघायची मुभा होती आणि त्याचा दंड जबरदस्त असल्यामुळे उशिरा टाकलेला चेंडूही पोहोचत होता. कोस्टल कॅरोलायनाने त्याला अंगावर येऊन खेळवलं आणि बीवाययू 22-17 असं हरलं. त्यानंतर प्रो डेला (विद्यापीठाने स्काउटांसाठी ठेवलेल्या प्रात्यक्षिकाला) त्याने डावीकडे पळत उलट अंगाने लांबच लांब फेक केली, ती चित्रफीत सगळीकडे फिरली. प्रो डेला समोर बचाव नसतो. न्यूयॉर्क जेट्सनी दुसऱ्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच आठवड्यापासून उतरवला. तीन वर्षांत गोष्ट संपली.

2021 च्या ड्राफ्टमधला क्वार्टरबॅकांचा तो अख्खा वर्गच बघा: ट्रेव्हर लॉरेन्स पहिला, विल्सन दुसरा, ट्रे लान्स तिसरा, फील्ड्स अकरावा, मॅक जोन्स पंधरावा. 2024 चा ड्राफ्ट उजाडेपर्यंत लॉरेन्स सोडून बाकी चौघे आपापल्या पहिल्या संघातून बाहेर पडले होते. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन हक्क मोजले. 2019 मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटसाठी 28 टचडाउन आणि शून्य इंटरसेप्शन अशी त्याची कामगिरी होती, पण विभाग खालचा, आणि 2020 मध्ये महामारीमुळे तो एकच सामना खेळला. त्याच संघाने 2022 ला अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये पर्डीच त्यांना सुपर बोलमध्ये घेऊन गेला. पर्डी कॉलेजात चार मोसम खेळला होता. त्याने हजार प्रकारचे बचाव पाहिले होते, चुकाही भरपूर केल्या होत्या.

म्हणून अनुभव हा मुद्दा मी जड धरतो. नामवंत कोच बिल पार्सेल्स यांचा जुना नियम प्रसिद्ध आहे: शेवटच्या वर्षात असलेला, पदवी घेतलेला, तीन वर्षं स्टार्टर (सामना सुरुवातीपासून खेळणारा) राहिलेला आणि किमान 23 सामने जिंकलेला क्वार्टरबॅक घ्या. आज तो शब्दशः लावता येत नाही, पण त्यामागचं कारण टिकून आहे. मिचेल ट्रुबिस्कीचे नॉर्थ कॅरोलायनासाठी 13 स्टार्ट होते, अँथनी रिचर्डसनचे फ्लोरिडासाठी 13. एवढ्यावरून बघणाऱ्यालाही पुरतं कळत नाही आणि त्या मुलालाही स्वतःचा खेळ कळलेला नसतो. उलट टोकाला बो निक्स, 61 स्टार्टचा विक्रम आणि ड्राफ्टच्या वेळी वय 24. इथे वेगळी सावधगिरी लागते, कारण चोविशीचा माणूस एकोणीस-वीस वर्षांच्या बचावापुढे मोठा दिसणारच.

अलीकडच्या ट्रान्सफरच्या (खेळाडूंनी कॉलेज बदलण्याच्या) लाटेने आमच्या हाती एक चांगलं साधन मात्र दिलं आहे. तोच मुलगा दोन वेगळ्या कोचांकडे, दोन वेगळ्या लाइनमागे बघायला मिळतो. निक्स ऑबर्नमध्ये फुटलेल्या पॉकेटमधून जीव घेऊन पळत होता. ऑरेगनमध्ये 2023 ला त्याने 77 टक्क्यांहून जास्त फेकी पूर्ण करून कॉलेजचा विक्रम केला, त्यात छोट्या फेकी खूप होत्या. जेडन डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये एक आणि एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षी दुसराच माणूस वाटत होता. अशा वेळी मी दोन्ही ठिकाणी सारखं काय राहिलं ते शोधतो. बदललेलं असतं ते बहुतेक परिस्थितीचं देणं, पण दोन्हीकडे टिकलेली सवय त्याची स्वतःची. निक्सच्या बाबतीत ती सवय सॅक टाळण्याची होती, आणि ती एनएफएलमध्ये डेन्व्हरला त्याच्यासोबत गेली.

सॅकबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण प्रेक्षक सॅकचा दोष लाइनला देतात. दबाव येणं बऱ्याच अंशी लाइनचं, पण दबावाचा सॅक होणं मोठ्या प्रमाणात क्वार्टरबॅकचं. किती दबावांपैकी किती सॅक झाले हे प्रमाण कॉलेजातून एनएफएलमध्ये बरंचसं तसंच येतं. नॉर्थ कॅरोलायनात चेंडू धरून ठेवणारा सॅम हावेल 2023 मध्ये वॉशिंग्टनसाठी खेळताना 65 वेळा सॅक झाला. केलेब विल्यम्स दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जादू दाखवण्यासाठी चेंडू लांबवायचा, आणि 2024 मध्ये पहिल्याच मोसमात 68 सॅक. तरी विल्यम्सची प्रतिभा खरी होती. 2025 ला बेन जॉन्सन कोच म्हणून आले, चेंडू वेळेवर सोडायची शिस्त लावली आणि तो आकडा झपाट्याने उतरला. म्हणजे ही सवय मोडता येते, पण मोडणारा भेटावा लागतो, आणि तो भेटेलच असं धरून पहिल्या फेरीचा हक्क लावायचा का, हे संघाच्या व्यवस्थापकाने ठरवायचं.

अचूकतेबद्दल जॉश अ‍ॅलनचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. कॉलेजात, वायोमिंगमध्ये, त्याचं कम्प्लीशन 56 टक्क्यांच्या आसपास. अचूकता शिकवता येत नाही हे तेव्हा आमच्या धंद्यातलं ठाम मत. बफेलोत पहिल्या वर्षी 52.8 टक्के, 2020 मध्ये 69.2, आणि 2024 चा सर्वोत्तम खेळाडू तोच. यातून एक शिकण्यासारखं आहे: अचूकता एकच गोष्ट नाही. काही जणांचा चेंडू पाय चुकीचे पडल्यामुळे भरकटतो, काहींचा हातातूनच वेडावाकडा सुटतो. पाय सुधारतात. अ‍ॅलनच्या हुकलेल्या फेकी बघितल्या तर त्यांतल्या पुष्कळ रुंद पवित्र्यातून आणि घाईतून आलेल्या होत्या. शांत पाय असताना तोच चेंडू बाणासारखा जायचा. शिवाय वायोमिंगमध्ये तो सेंटरच्या मागे उभा राहून, पाठ वळवून, खोलवरच्या मार्गांवर फेकत होता. त्याला फुकटचे स्क्रीन मिळत नव्हते.

पण अ‍ॅलनने एक नुकसानही केलं. त्याच्यानंतर प्रत्येक उंचापुऱ्या, दणकट आणि अचूकतेत कच्च्या मुलाच्या अहवालात त्याचं नाव यायला लागलं. रिचर्डसन कम्बाइनला 244 पौंड वजनासह 40 यार्ड 4.43 सेकंदांत पळाला. क्वार्टरबॅकसाठी ते थक्क करणारं आहे. इंडियानापोलिसने त्याला चौथा घेतला. 2024 मध्ये त्याचं कम्प्लीशन 47.7 टक्के होतं आणि 2025 च्या मोसमाआधी जागा डॅनियल जोन्सकडे गेली. त्याच्या साध्या, आखूड फेकीही पायाने नीट आधार दिलेला असताना हुकत होत्या, आणि अ‍ॅलनच्या फिल्ममध्ये असं क्वचित दिसायचं. दोघांतला हा फरक फिल्ममध्ये आधीपासून होता.

मोजमापांवर मी फार वेळ घालवत नाही. हाताचा पंजा, उंची, उडी, पळण्याचा वेग ही सगळी उंबरठ्याची मापं आहेत, उंबरठा ओलांडला की पुढे त्यांचा उपयोग थोडा. जो बरोचा पंजा नऊ इंचांचा म्हणून 2020 मध्ये केवढी चर्चा झाली होती. टॉम ब्रेडी 2000 साली 40 यार्ड 5.28 सेकंदांत पळाला आणि 199 वा गेला, पण त्याच वर्षीच्या 1 जानेवारीला त्याने ऑरेंज बोलमध्ये अलाबामाविरुद्ध 369 यार्ड आणि 4 टचडाउन काढून सामना अतिरिक्त वेळेत जिंकून दिला होता. डोक्याच्या चाचण्यांचंही तसंच. स्ट्राउडचा एका संगणकी चाचणीतला 18 हा आकडा ड्राफ्टआधी बातम्यांत फुटला आणि लोक म्हणाले, याला खेळ वाचता येणार नाही. फिल्ममध्ये तो वाचत होता.

मुलाखतीचं मात्र महत्त्व आहे. फळ्यावर त्याच्याच संघाचा प्ले काढायला सांगायचा आणि प्रत्येक खेळाडूचं काम विचारायचं. मग त्याला आपला एक नवा प्ले शिकवायचा, दुसरं काहीतरी बोलत राहायचं आणि शेवटी तोच परत मागायचा. त्याचं एखादं वाईट इंटरसेप्शन पडद्यावर लावून नुसतं विचारायचं, इथे काय झालं? रिसीव्हर चुकीच्या मार्गाने गेला असेल तरी काही मुलं आधी आपल्या डोळ्यांची चूक सांगतात. अशा मुलांबरोबर काम पुढे जातं.

एवढं सगळं करूनही निम्मी गोष्ट आमच्या हातात नसते, कारण मुलगा कुठे जातो यावर फार अवलंबून आहे. 2017 ला पॅट्रिक माहोम्स दहावा गेला. टेक्सस टेकमध्ये मोकळाढाकळा खेळ, ओक्लाहोमाविरुद्ध एका सामन्यात 734 यार्ड आणि तरी पराभव. कॅन्सस सिटीत अँडी रीड यांनी त्याला वर्षभर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं आणि फक्त शेवटचा सामना दिला. तोच मुलगा 2017 च्या पहिल्या आठवड्यात एखाद्या मोडक्या लाइनमागे उतरवला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी ड्राफ्टच्या आठवड्यात नेहमी करतो. 2018 चे बेकर मेफील्ड आणि सॅम डार्नोल्ड दोघेही पहिल्या संघांनी टाकून दिले होते. 2024 मध्ये मेफील्डने टॅम्पासाठी 41 टचडाउन काढले आणि डार्नोल्डने मिनेसोटाला 14 विजय मिळवून दिले. खुद्द स्ट्राउडही 2024 मध्ये, लाइन ढासळल्यावर, 52 सॅक आणि 12 इंटरसेप्शनवर घसरला.

संघ इतके उतावळे का होतात याचं कारण पैशात आहे. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार चार वर्षांचा आणि पाचव्याचा पर्याय संघाकडे. तेवढ्या काळात चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभारता येतो. म्हणून 2024 मध्ये पहिल्या 12 निवडींत 6 क्वार्टरबॅक गेले. पण तीच घाई मुलाला तयार होण्याआधी मैदानात ढकलते.

तुम्हाला घरबसल्या हे करून बघायचं असेल तर टीव्हीवरच्या चित्राला एक मर्यादा आहे: सेफ्टी बऱ्याचदा चौकटीबाहेर असतात, त्यामुळे वाचन पूर्ण दिसत नाही. पाय मात्र दिसतात, आणि चेंडू सुटला तेव्हा दबाव किती जवळ होता तेही दिसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेनऊला दिसतो, नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ मागे गेलं की साडेदहाला. दुबळ्या संघांविरुद्धचे सप्टेंबरचे सामने झोपेसाठी सोडून द्या. नोव्हेंबरातले तुल्यबळ संघांचे सामने धरा, आणि त्यातही फक्त तिसरे डाउन लिहून ठेवा: अंतर किती, दबाव होता की नाही, पहिल्याच रिसीव्हरकडे गेला की पुढे बघितलं. जानेवारीच्या शेवटी मोबाइल, अलाबामा इथे सीनियर बोलचे सराव होतात, तिथे सामन्यापेक्षा सराव बघा. अनोळखी रिसीव्हर, नवा प्लेबुक आणि हाताशी जेमतेम काही दिवस, अशा स्थितीत कोणाचे चेंडू वेळेवर सुटतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळू लागतं.